मक्याच्या भरड्यातील बुरशीचे विष जिवाणू खरोखर काढतात का?

प्रश्न – दूध उत्पादक, सिन्नर तालुका

सर्वांना नमस्कार. माझ्या गोठ्यात सध्या सात संकरित गाई दुधात आहेत आणि दोन्ही वेळचे मिळून सुमारे शंभर लिटर दूध मी संकलन केंद्रावर घालतो. गेल्या पंधरवड्यात माझे दूध दोन वेळा परत आले. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) नेहमीसारखे होते, पाणी नव्हते, दूध नासलेलेही नव्हते. केंद्रावरच्या मुलाने एवढेच सांगितले की तपासणीत ‘एम-१’ लागले आहे आणि ते जाईपर्यंत दूध आणू नका. चार ठिकाणी विचारल्यावर मला कळले की गाईने बुरशी लागलेले खाद्य खाल्ले, तर त्यातले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष रूप बदलून दुधात उतरते आणि त्या रूपाला एम-१ म्हणतात.

खाद्याबद्दल सांगायचे तर चूक माझ्याच घरात झाली असावी. या वर्षी परतीच्या पावसात आमचा मका शेतातच भिजला. बिट्ट्या खुडून आठ दिवस खळ्यावर ताडपत्रीखाली ढीग करून ठेवल्या, कारण मळणी यंत्र मिळत नव्हते. मळताना काही दाण्यांच्या कोंबाकडच्या टोकाला हिरवट पिवळी पूड दिसत होती. ती धूळ समजून मी उपणून टाकली आणि उरलेल्या मक्याचा भरडा करून पोती भरली. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तर आतला भरडा कोमट लागत होता आणि त्याला कुबट वास येत होता. तरीही मी तो महिनाभर गाईंना घातला, याचे मला आता फार वाईट वाटते, कारण त्याच गाईंचे दूध माझी नात पिते.

परवा एक विक्रेता येऊन गेला. त्याच्याकडे जिवाणूंची पावडर आहे आणि हे जिवाणू बुरशीचे विष ‘खाऊन टाकतात’ असे तो सांगतो. माझे मेहुणे म्हणतात की पावडर कशाला, भरडा रात्रभर ताकात भिजवला तरी विष उतरते. जिवाणू असे विष खरोखर काढू शकतात का, ताकाच्या उपायात काही तथ्य आहे का, आणि घरात उरलेल्या अठरा क्विंटल मक्याचे मी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ – सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका, नाशिक

दादा, आपण लपवाछपवी न करता सगळे सांगितले म्हणून उत्तर देणे सोपे झाले. कोंबाकडची ती हिरवट पिवळी पूड बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे बीजाणू होते आणि अफ्लाटॉक्सिन हे नावही याच बुरशीच्या नावावरून पडले आहे. पूड उपणून गेली, तरी विष दाण्याच्या आत मुरलेले असते. ते उकळून, भाजून किंवा दूध तापवूनही जात नाही, कारण हा रेणू दोनशे अंशांच्या पुढच्या तापमानालाही टिकून राहतो. उष्णता कामाला येत नाही म्हणूनच शास्त्रज्ञ इतकी वर्षे जिवाणूंकडे आशेने पाहत आले आहेत.

जिवाणू विष काढतात हे खरे आहे. मात्र ‘काढणे’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या क्रिया येतात आणि पावडर विकणारे त्या दोन्ही एकच असल्यासारखे बोलतात. पहिली क्रिया म्हणजे विष धरून ठेवणे आणि दुसरी म्हणजे विषाचा रेणू मोडणे.

धरून ठेवण्याचे काम दह्याताकातले जिवाणू करतात. फिनलंडमधील कुओपिओ विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ च्या सुमारास दाखवले की लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस या जिवाणूचे काही वाण द्रावणातले सुमारे ८० टक्के अफ्लाटॉक्सिन बी-१, म्हणजे खाद्यात आढळणारे या विषाचे मुख्य रूप, स्वतःला चिकटवून घेतात. मला त्या कामातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती अशी की उष्णतेने मारलेले जिवाणूही विष तितकेच, किंबहुना जास्त पकडत होते. मेलेला जिवाणू काही खाऊ शकत नाही, त्यामुळे इथे खाण्याचा प्रश्नच येत नाही. विष त्याच्या पेशीभित्तिकेतील शर्करायुक्त घटकांना चिकटते. ही पकड कायमचीही नसते, कारण जिवाणू पुन्हा पुन्हा धुतले तर चिकटलेल्या विषाचा काही भाग सुटून परत येतो.

आपल्या मेहुण्यांच्या उपायाचे उत्तर यातच आहे. भरडा ताकात भिजवला तर काही विष ताकातल्या जिवाणूंना चिकटेल, पण ते जिवाणू त्याच घमेल्यात राहतील आणि घमेले गाईपुढे जाईल. चिकटलेले विष शेणावाटे बाहेर पडले तर फायदा आहे, सुटले तर नाही, आणि दोन्हींचे प्रमाण आपल्या हातात राहत नाही. माणसांवर मात्र याचा एक लक्षणीय प्रयोग झालेला आहे. चीनमधील ग्वांगझू येथे ९० तरुणांपैकी एका गटाला पाच आठवडे अशा जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्यांच्या लघवीतील अफ्लाटॉक्सिनजन्य खुणेचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे आतड्यात ही पकड उपयोगी पडू शकते. परंतु तिथे वाण ठरलेला होता, मात्रा ठरलेली होती आणि मोजणारी प्रयोगशाळा सोबत होती. घरच्या ताकात यांपैकी काहीच ठरलेले नसते.

दुसरी क्रिया अधिक मोलाची आहे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत सुमारे हजार सूक्ष्मजीव तपासले गेले आणि अफ्लाटॉक्सिन कायमचे नाहीसे करणारा एकच ठळक जिवाणू हाती लागला. त्याचे तेव्हाचे नाव फ्लॅवोबॅक्टेरियम ऑरँटिॲकम असे होते. तो दूध, तेल आणि शेंगदाण्यातलेही विष काढत असे. तरी तो बाजारात आला नाही, कारण तो भडक नारिंगी रंग सोडतो आणि नारिंगी झालेले दूध कोणी विकत घेणार नाही. पुढे शोधण्याच्या पद्धतीही सुधारल्या. अफ्लाटॉक्सिनच्या रेणूत कुमारिन नावाच्या पदार्थासारखी एक कडी असते. तेव्हा काही संशोधकांनी अशी युक्ती केली की माती आणि प्राण्यांची विष्ठा गोळा करून त्यातल्या जिवाणूंना अन्न म्हणून फक्त कुमारिनच द्यायचे. जो जगेल, त्याच्याकडे ती कडी मोडणारी विकरे (एन्झाइम) असणार. या चाळणीतून सर्वांत सरस ठरलेला जिवाणू दक्षिण अमेरिकेतील टेपिर या प्राण्याच्या विष्ठेत सापडला. कडी तुटली की अतिनील प्रकाशात चमकण्याचा या विषाचा गुण जातो आणि विषारीपणाही पुष्कळ उतरतो. पुष्कळ उतरतो असे मी जाणीवपूर्वक म्हणते, कारण तुकडे काय झाले आणि ते निरुपद्रवी आहेत का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

हा मुद्दा मी विद्यार्थ्यांना दरवर्षी झिॲरालेनोन या दुसऱ्या बुरशीजन्य विषाच्या उदाहरणाने शिकवते. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव या विषाचे रूपांतर करतात, पण त्यातून तयार होणारा एक पदार्थ मूळ विषाहून अधिक तीव्रपणे स्त्री-संप्रेरकासारखा वागतो. तपासणीच्या कागदावर झिॲरालेनोन कमी झालेले दिसते आणि जनावराचा त्रास मात्र वाढलेला असतो.

पूर्णपणे सिद्ध झालेली उदाहरणेही आहेत. गाईच्याच कोटीपोटातील द्रवातून वेगळा केलेला एक जिवाणू डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषाचा घातक भाग मोडतो आणि युरोपीय संघाने २०१३ मध्ये डुकरांच्या खाद्यासाठी त्याला मान्यता दिली. पुढच्या वर्षी फ्युमोनिसिन हे आणखी एक बुरशीजन्य विष मोडणाऱ्या विकराला मान्यता मिळाली. त्या विकराचे जनुक मुळात एका जिवाणूचेच आहे. आपल्या दुधातले विष यांपैकी कोणतेही नाही, ते अफ्लाटॉक्सिन आहे. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की त्याचा जिवाणू नेमके कोणते विष काढतो.

उत्तर २ – पशुवैद्य, निफाड

मॅडमनी शास्त्र नीट सांगितले आहे, मी गोठ्यातले सांगतो. दादा, आधी भरडा बंद करा. आज संध्याकाळच्या आंबोणापासूनच बंद करा. गाईने अफ्लाटॉक्सिन खाल्ल्यापासून साधारण एका दिवसात एम-१ दुधात दिसू लागते आणि खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत ते उतरते. कोणतीही पावडर याहून लवकर गुण देणार नाही.

थोडा हिशेब करून पाहू. आपल्या भरड्यात किलोमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० पीपीबी अफ्लाटॉक्सिन आहे असे धरा. भिजलेल्या मक्यात हा आकडा मुळीच अशक्य नाही. गाय दिवसाला ४ किलो भरडा खाते, म्हणजे तिच्या पोटात ४०० मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातले १ ते २ टक्के दुधात येते, आणि जास्त दूध देणाऱ्या गाईत ६ टक्क्यांपर्यंतही येते. आपण २ टक्के धरले तरी ८ मायक्रोग्रॅम होतात. १५ लिटर दुधात ते विभागले तर लिटरमागे ०.५३ मायक्रोग्रॅम पडते आणि आपल्या देशातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. आपले दूध असेच काठावरून पलीकडे गेले असावे. भारतीय मानकाप्रमाणे पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी आहे आणि ती का आहे, हे या हिशेबावरून दिसते.

आपण एकटेच यात सापडलेले नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, एम-१ मर्यादेबाहेर होते. तेव्हा पहिल्यांदाच पाण्याच्या भेसळीपेक्षा या विषाची चर्चा अधिक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

आता एक कळकळीची विनंती. परत आलेल्या दुधाचा खवा किंवा पनीर करू नका. खव्यात फक्त पाणी उडते, विष तेवढेच राहते आणि कमी वजनात गोळा होते. पनीरमध्ये ते दुधातल्या प्रथिनाला धरून बसते, त्यामुळे किलोमागे त्याचे प्रमाण दुधाच्या कितीतरी पट होते. नातीला आणि वासरांनाही हे दूध चार-पाच दिवस देऊ नका.

पावडरीविषयी माझे मत असे आहे की अफ्लाटॉक्सिनपुरते बोलायचे तर आज माझा सर्वाधिक विश्वास मातीवर आहे. बेंटोनाइट नावाची चिकणमाती, जी आपल्याकडे कच्छमधून येते, तिच्या थरांमध्ये अफ्लाटॉक्सिनचा सपाट रेणू घट्ट अडकतो आणि शेणावाटे निघून जातो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये अफ्लाटॉक्सिनविरुद्ध हिलाच मान्यता दिली. ‘टॉक्सिन बाइंडर’ या नावाने दुकानात मिळणाऱ्या अनेक पिशव्यांत मुख्यतः हीच माती असते. तिचीही मर्यादा आहे, कारण डीऑक्सिनिव्हॅलेनॉल किंवा झिॲरालेनोन तिला नीट पकडता येत नाही, आणि ती खराब भरड्याला चांगला करत नाही. जिवाणूंचे उत्पादन घ्यायचेच असेल तर वाणाचे पूर्ण नाव, ते कोणत्या विषावर चालते, आणि दुभत्या गाईच्या दुधात एम-१ किती उतरले याची मोजणी, या तिन्ही गोष्टी लेखी मागा. परीक्षानळीतले ९० टक्के आणि गोठ्यातले ९० टक्के यांत फार मोठे अंतर असते.

उत्तर ३ – कुक्कुटपालक, येवला

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त कोंबड्यांच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. मी मागे एक जिवाणूयुक्त पावडर वर्षभर वापरली. ती कोणाची होती ते इथे लिहीत नाही. पक्ष्यांचे वजन भरेना, म्हणून मी एक पिशवी तपासायला दिली, तेव्हा त्यात जिवंत जिवाणू जवळजवळ नव्हतेच. दोष कदाचित पूर्णपणे विकणाऱ्याचा नसेल. मे महिन्यात ती पिशवी माझ्याच पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. शिवाय आमचे खाद्य गोळी स्वरूपात तयार होते आणि गोळी करताना वाफेने तापमान ८० अंशांच्या आसपास जाते. एवढ्या उष्णतेत ताकातल्यासारखे जिवाणू मरतात. बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू करून राहतात, त्यामुळे ते टिकतात. म्हणून जे उत्पादन विष मोडण्याचा दावा करते, त्यातला जिवाणू बीजाणू करणारा आहे का आणि ते खाद्यात कोणत्या टप्प्यावर मिसळायचे आहे, हे विचारणे मी तेव्हापासून सोडलेले नाही. पाण्यातून प्रतिजैविक चालू असेल, तर जिवंत जिवाणूंवरचा खर्च वायाच गेला असे समजावे.

दुसरी गोष्ट नमुन्याची. अफ्लाटॉक्सिन मक्यात मीठ कालवल्यासारखे सारखे पसरलेले नसते. शंभर दाणे स्वच्छ असतात आणि एका दाण्यात भयंकर विष असते. पोत्याच्या तोंडाशी मूठ भरून तपासायला दिली तर अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि खालचा मका गाईला बाधू शकतो. मी ट्रकमधल्या निरनिराळ्या पोत्यांत वर, मध्ये आणि तळाशी टोकदार नळी खुपसून थोडे थोडे दाणे काढतो, सगळे मिळून पाच किलो झाले की दळून एकजीव करतो आणि मग त्यातला नमुना पाठवतो.

दादांच्या अठरा क्विंटलबद्दल माझी सूचना अशी की तो मका इथेनॉलवाल्यांना द्यावा. तिथे तो कोणाच्या पोटात जात नाही.

उत्तर ४ – सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका, नाशिक

या शेवटच्या सूचनेला मला ठामपणे नाही म्हणावे लागेल. इथेनॉल करताना यीस्ट मक्यातले पीठ खाते, विष खात नाही. पीठ निघून गेल्यावर जो चोथा उरतो, त्यात अफ्लाटॉक्सिन मूळ मक्याच्या सुमारे तिप्पट होते, आणि तोच चोथा वाळवून डीडीजीएस या नावाने पुन्हा पशुखाद्यात येतो. दादांच्या गोठ्यातून गेलेले विष दुसऱ्या कोणाच्या गोठ्यात तिप्पट होऊन पोहोचेल.

सूक्ष्मजीव हा शब्द ऐकला की आपण सगळे एकाच मापाने मोजतो, हे मी वर्गातही पाहते. यीस्टला पिठाची गोडी आहे, ताकातल्या जिवाणूला फक्त चिकट भिंत आहे, आणि कडी मोडणारी विकरे मोजक्याच जातींकडे आहेत. मुरघासात जे जिवाणूंचे कल्चर घालतात, तेही विष काढत नाही. ते आम्ल तयार करून खड्डा उघडल्यावर बुरशी वाढू देत नाही, म्हणजे विष तयार होण्याआधीचे काम करते. ते काम फार मोलाचे आहे, पण आधीच विषारी झालेल्या मक्यावर ते कल्चर शिंपडून काही होणार नाही.

भिजलेल्या मक्याचे काय होऊ शकते, याचे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांतल्या आदिवासी कुटुंबांनी अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ला. नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण यकृताच्या विकाराने मरण पावले. तो मका त्यांनी पेरलेला होता, घरात साठवलेला होता आणि दुसरे धान्य नव्हते म्हणून खाल्लेला होता. हे वाचल्यापासून खळ्यावरच्या ताडपत्रीकडे मला सहज पाहता येत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. भरडा त्याच संध्याकाळी बंद केला आणि शेजाऱ्यांकडून कोरडा, चांगला मका उसना घेतला. पाचव्या दिवशी केंद्रावर पट्टीची तपासणी झाली, दूध मर्यादेत आले आणि कालपासून ते घेत आहेत. विक्रेत्याला वाणाचे नाव आणि दुधातल्या एम-१ ची मोजणी लेखी मागितली, तेव्हा तो माहिती पाठवतो म्हणाला. अजून काही आलेले नाही.

येवल्याच्या भाऊंनी सांगितले तसा नमुना काढून मका तपासला. न दळलेल्या बारा क्विंटलमध्ये १४० पीपीबी निघाले आणि भरड्यात त्याहून जास्त. यंदा कांदा चाळ मोकळीच आहे. पुढच्या वर्षी बिट्ट्या तिच्यात पातळ थराने पसरून वाळवायचे ठरवले आहे, कारण तिथे चारही बाजूंनी वारा खेळतो. पण आजच्या या मालाचे काय करू?

उत्तर ५ – पशुवैद्य, निफाड

चाळीची कल्पना चांगली आहे. दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मात्र पोत्यात भरू नका. दात लावल्यावर दाणा दबला तर तो ओला आहे, टचकन फुटला तर वाळला, हा जुना अंदाज ठीक आहे, पण बाजार समितीत किंवा ओळखीच्या आडत्याकडे ओलावामापक असते, त्यावर मोजून घ्या.

न दळलेल्या मक्यातून काही वाचवता येईल. बहुतेक विष फुटलेल्या, किडक्या, सुरकुतलेल्या आणि वजनाला हलक्या दाण्यांत असते. चाळणीने फूट आणि भुसा काढा, मग वाऱ्यावर उपणून हलका दाणा वेगळा करा, आणि राहिलेल्या जड दाण्याचा नव्याने नमुना तपासा. तो २० पीपीबीच्या आत आला तरच बेंटोनाइट मिसळून भाकड गाईंना द्या, दुभत्यांना नको. आत आला नाही, तर चांगल्या मक्यात मिसळून आकडा खाली आणण्याचा मोह टाळा, आणि शेजारच्या कोंबडीवाल्याला स्वस्तात विकू नका. पक्ष्यांचे यकृत गाईपेक्षा लवकर हार खाते.

भरडा मात्र वाचणार नाही. नाकातोंडाला मास्क बांधून, वारा नसेल तेव्हा तो खत खड्ड्यात शेण आणि मातीच्या थरांत पुरा, वरून पाणी मारा आणि जनावरे, कोंबड्या, कुत्री तिकडे फिरकणार नाहीत असे काटे लावा. मॅडमनी सांगितलेले कडी मोडणारे जिवाणू मातीत असतात. तिथे त्यांना काही महिने मिळतात, गाईच्या पोटात काही तासच मिळाले असते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो खड्डा उकरू नका.